विश्लेषण : केळीचे १२०० आणि १५०० हे भाव १२०४ आणि १४९६ कसे झाले?

समजा, पिंप्राळ्यात भाड्याच्या खोलीत राहणारी पदविकेची एक विद्यार्थिनी प्रॅक्टिकलची तयारी करते आहे. प्रश्न नेहमीचाच : दोन संख्यांची अदलाबदल करणारे फंक्शन सी भाषेत लिहा. ‘स्वॅप’ नावाचे हे फंक्शन तिच्या वहीत आधीच उतरवलेले आहे. तिने फक्त आकडे ओळखीचे घेतले. उदाहरणादाखल, एका ठिकाणचा केळीचा भाव क्विंटलला १२०० रुपये आणि दुसऱ्या ठिकाणचा १५००. भावात पैसेही येऊ शकतात, म्हणून दोन्ही व्हेरिएबल ‘फ्लोट’ ठेवले, म्हणजे दशांश चिन्ह चालणारे. जुन्या टर्बो सीमध्ये प्रोग्राम चालवला. पडद्यावर १५०० आणि १२०० यायला हवे होते. आले १२०४ आणि १४९६.

प्रोग्राम बंद पडला नाही, संगणक अडकला नाही. आकडेही अगदीच वेडेवाकडे नाहीत, बाजारात सहज शोभतील असे आहेत. एका भावातून चार रुपये गेले आणि दुसऱ्यात चार आले. बेरीज आधी २७०० होती, नंतरही २७००च. हिशेब तपासणारा बेरजेपाशी थांबला तर चूक सापडणारही नाही.

चूक एका शब्दाची आहे. वहीतले फंक्शन ‘इंट’साठी, म्हणजे पूर्णांकांसाठी लिहिलेले होते. त्याला पत्ते मिळाले ‘फ्लोट’चे. प्रोग्रामिंगमध्ये याला टाइप मिसमॅच म्हणतात, आणि व्हेरिएबल रेफरन्सने, म्हणजे पत्त्याने, पाठवलेले असेल तर हा प्रकार भल्याभल्यांना चकवतो.

पत्ता मिळाला, क्षेत्र कोण सांगणार?

फंक्शनला एखादे व्हेरिएबल देण्याच्या दोन रीती आहेत. पहिली रीत म्हणजे सातबाऱ्याची झेरॉक्स देण्यासारखी. समोरच्याने त्यावर काहीही खरडले तरी मूळ नोंदीला धक्का लागत नाही. याला ‘बाय व्हॅल्यू’ म्हणतात. दुसऱ्या रीतीत झेरॉक्स मिळत नाही, गट नंबर मिळतो : जा, त्या वावरात जाऊन काय ते कर. हे झाले ‘बाय रेफरन्स’. अदलाबदल करायची तर दुसरीच रीत हवी, कारण बदल मूळ जागी व्हायला हवा.

पण पत्त्यातून फक्त वावर कुठून सुरू होते एवढेच कळते. नांगर कुठपर्यंत न्यायचा, ते टाइप सांगतो. मेमरीतल्या एका पत्त्यापासून २ बाइट आपले की ४ की ८, आणि त्या बाइटांतली नोंद पूर्णांकाची आहे की दशांशाची, हे त्या बाइटांवर कुठेही लिहिलेले नसते. फंक्शन आपल्या समजुतीने वाचते आणि आपल्या समजुतीनेच लिहिते. समजूत चुकीची असेल तर नांगर अर्ध्यात थांबतो, नाहीतर बांध कोरून शेजारच्या वावरात शिरतो.

एक बारकावा इथेच समजून घ्यायला हवा, कारण पुढचे सगळे त्यावर उभे आहे. झेरॉक्स देताना कम्पायलरला रूपांतर करता येते. १२००.५० हा फ्लोट ‘इंट’ मागणाऱ्या फंक्शनला बाय व्हॅल्यू दिला, तर कम्पायलर त्याचे १२०० करून देतो. पन्नास पैसे जातात, पण अनर्थ होत नाही. पत्ता देताना मात्र रूपांतर करायचे तरी कशाचे? पत्ता हा पत्ताच असतो. मूळ जागी जे आहे ते आहे. म्हणून जी चूक एका रीतीत कम्पायलर गुपचूप सावरून घेतो, तीच दुसऱ्या रीतीत सावरणे त्याच्या हातात नसते. तो फार तर सांगू शकतो.

ते चार रुपये आले कुठून?

टर्बो सी हा १६ बिटच्या काळातला. त्यात ‘इंट’ २ बाइटचा आणि फ्लोट ४ बाइटचा. त्यामुळे स्वॅप फंक्शनने दोन्ही भावांच्या चार-चार बाइटांपैकी फक्त दोन-दोन बाइटांची अदलाबदल केली. मेमरीत आधी येणारे हे दोन बाइट फ्लोटच्या शेपटाचे, म्हणजे सर्वांत बारीक हिशेबाचे असतात.

फ्लोटमध्ये १०२४ ते २०४८ या टप्प्यातली संख्या साठवताना वरचे दोन बाइट आठ-आठच्या पायऱ्यांनी मोजतात आणि आठाच्या आतले उरलेसुरले खालच्या दोन बाइटांत जाते. १२०० म्हणजे १०२४ अधिक २२ वेळा ८. बरोबर बसले, खाली काही उरले नाही. १५०० म्हणजे १०२४ अधिक ५९ वेळा ८, म्हणजे १४९६, आणि वर उरले ४. हे ४ खालच्या दोन बाइटांत.

स्वॅपने फक्त खालचे बाइट बदलले. १५०० कडचे ४ गेले १२०० कडे आणि १२०० कडचे शून्य आले १५०० कडे. झाले १२०४ आणि १४९६. यात जादू नाही आणि संगणकाची चूकही नाही. त्याने सांगितले तेवढे, सांगितले तसेच केले.

तोच कोड, तीन उत्तरे

आता तीच फाइल आजच्या ६४ बिटच्या लॅपटॉपवर जीसीसी कम्पायलरच्या काही वर्षांपूर्वीच्या आवृत्तीत चालवली तर? इथे ‘इंट’ ४ बाइटचा आणि फ्लोटही ४ बाइटचा. फंक्शन समजते की आपण पूर्णांक हलवतो आहोत. प्रत्यक्षात ते फ्लोटचे चारही बाइट जसेच्या तसे इकडचे तिकडे करते. उत्तर येते १५०० आणि १२००. अगदी बरोबर.

आणि हेच जास्त धोक्याचे आहे. कोड चुकीचाच आहे, फक्त दोन टाइपांची लांबी योगायोगाने सारखी निघाली. सी भाषेच्या नियमांनुसार अशा वागणुकीची कुठलीही हमी नाही. कम्पायलरला वेग वाढवण्याची मुभा दिली की हे ‘बरोबर’ उत्तरही पालटू शकते, कारण पूर्णांकाच्या पत्त्यावर फ्लोट असणार नाही असे गृहीत धरून तो कोडची मांडणी बदलतो.

तिसऱ्या प्रयोगात फ्लोटच्या जागी ‘डबल’ घ्या, म्हणजे ८ बाइटचा दशांश. स्वॅप आता आठांपैकी खालचे चार बाइट बदलतो. १२०० आणि १५०० या दोन्ही संख्या वरच्या चार बाइटांतच पूर्ण मावतात, खालच्या चारांत दोन्हीकडे शून्येच असतात. शून्य देऊन शून्य घेतले. उत्तर १२०० आणि १५००, जणू फंक्शन बोलावलेच नव्हते. विद्यार्थी मग तासभर ‘माझे फंक्शन कॉलच का होत नाही’ हे शोधत बसतो.

एकच चूक, तीन यंत्रणा, तीन वेगळी लक्षणे, आणि त्यांतल्या एकात तर लक्षणच नाही. म्हणजे उत्तर पाहून ही चूक पकडण्याचा मार्ग मुळातच भरवशाचा नाही. तरीही प्रॅक्टिकलच्या तासाला सर्रास विचारला जाणारा प्रश्न ‘आउटपुट आले का?’ हाच असतो.

या तिन्ही प्रसंगांत एक साक्षीदार खरे बोलत होता. टर्बो सी अशा वेळी ‘सस्पिशस पॉइंटर कन्व्हर्जन’ अशी वॉर्निंग देतो, म्हणजे पॉइंटरचे हे रूपांतर संशयास्पद आहे. पण कंट्रोल-एफ ९ दाबले की वॉर्निंग असली तरी प्रोग्राम पुढे चालतो आणि ती ओळ कोणी वाचत नाही. गंमत म्हणजे तीच फाइल सीपीपी या शेपटाने जतन केली, तर तोच टर्बो तिला सी प्लस प्लस समजतो आणि टाइप जुळत नाही म्हणून कोड साफ नाकारतो. फाइलच्या नावातल्या दोन अक्षरांवर न्याय बदलतो! शिवाय फंक्शन मेनच्या खाली लिहिले आणि वर त्याची घोषणा केली नाही, तर जुन्या सीमध्ये ही वॉर्निंगसुद्धा मिळत नाही. ते फंक्शन काय मागते हेच कम्पायलरला तेव्हा ठाऊक नसते.

१५०० टाइप केले आणि छापले ०.००००००

स्वॅप हा वर्षातून एकदा येणारा प्रश्न आहे. ‘स्कॅनएफ’ मात्र पहिल्या आठवड्यापासून रोजचा. कीबोर्डवरून आकडा घेऊन व्हेरिएबलमध्ये ठेवणारे हे फंक्शन पत्त्यावरच चालते. व्हेरिएबलच्या आधी & हे चिन्ह का द्यायचे, असा प्रश्न पहिल्या वर्षी प्रत्येकाला पडतो. उत्तर हेच : स्कॅनएफला झेरॉक्स नको, गट नंबर हवा.

पण पत्त्यावर कोणत्या टाइपचे व्हेरिएबल आहे, हे स्कॅनएफला फक्त अवतरणातल्या खुणेवरून कळते. पर्सेंट-डी म्हणजे पूर्णांक, पर्सेंट-एफ म्हणजे फ्लोट. भाव फ्लोटमध्ये घ्यायचा आणि खूण पर्सेंट-डीची दिली तर १५०० हा पूर्णांक म्हणून लिहिला जातो आणि पुढे फ्लोट म्हणून वाचला जातो. पूर्णांक १५०० चे बाइट आजच्या संगणकावर फ्लोट समजून वाचले तर दशांश चिन्हानंतर ४१ शून्ये आणि मग २१ अशी नगण्य संख्या निघते. पडद्यावर ती ०.०००००० दिसते. उलट केले, म्हणजे पूर्णांकाच्या व्हेरिएबलमध्ये पर्सेंट-एफने २५ घेतले, तर छापले जातात ११० कोटी ३६ लाख २६ हजार २४०.

या चुका निदान डोळ्यांत भरतात. ‘डबल’साठी पर्सेंट-एलएफ लिहायच्या ऐवजी पर्सेंट-एफ लिहिणे ही मात्र चिवट चूक आहे, आणि तिच्यामागे एक रास्त गोंधळ आहे. छापणाऱ्या ‘प्रिंटएफ’ला फ्लोट आणि डबल या दोघांसाठी पर्सेंट-एफच चालते. मग घेताना का चालू नये? कारण प्रिंटएफला किंमत जाते. जाताना फ्लोटचा आपोआप डबल होतो आणि दोघे सारखे दिसतात. स्कॅनएफला पत्ता जातो. चार बाइटच्या जागेचा पत्ता आठ बाइटच्या जागेचा होत नाही. बाय व्हॅल्यू आणि बाय रेफरन्स यांतला फरक समजवायला याहून चांगले उदाहरण सापडणे कठीण. तरी बहुतेक जण ते ‘असेच असते, पाठ करा’ म्हणून शिकतात.

बांध कोरण्याचा प्रकारही इथलाच. दोन बाइटच्या ‘शॉर्ट’मध्ये पर्सेंट-डीने आकडा घेतला की आजचा संगणक तिथे चार बाइट लिहितो. दोन आपले, दोन शेजाऱ्याचे. शेजारी कोण आहे, त्यावर परिणाम ठरतो. कधी काहीच बिघडत नाही, कधी लूपचा मोजणी करणारा आकडा शून्यावर येतो आणि लूप थांबतच नाही. टर्बो सीमध्ये शॉर्ट आणि इंट दोन्ही दोनच बाइटचे असल्याने तिथे हे कळतच नव्हते. तिथे शिकलेली सवय नव्या यंत्रावर अंगाशी येते.

एक्सेलवाल्यांनाही सुटका नाही

हा फक्त विद्यार्थ्यांचा प्रश्न आहे असे नाही. हिशेबासाठी एक्सेलचे मॅक्रो लिहिणाऱ्या कोणालाही ‘बायरेफ आर्ग्युमेंट टाइप मिसमॅच’ हा संदेश कधी ना कधी भेटतो. व्हिज्युअल बेसिक ६ हे १९९८ साली आले, मायक्रोसॉफ्टने त्याच्या संपादकाचा आधार २००८ साली थांबवला, पण त्याचे भावंड व्हीबीए आजही एक्सेलमध्ये आहे. तिथे वेगळे सांगितले नाही तर प्रत्येक व्हेरिएबल रेफरन्सनेच जाते.

नेहमीचा सापळा घोषणेच्या ओळीत असतो. ‘डिम ए, बी अ‍ॅज इंटिजर’ असे लिहिले की लिहिणाऱ्याला वाटते, दोन्ही पूर्णांक झाले. प्रत्यक्षात फक्त बी पूर्णांक होतो आणि ए होतो ‘व्हेरियंट’, म्हणजे काहीही मावणारा डबा. पूर्णांक मागणाऱ्या फंक्शनला ए दिला की व्हीबीए तिथेच अडवते. सीच्या तुलनेत ही कडक शिस्त चांगलीच म्हणायला हवी.

पण त्यावरचा जो तोडगा तोंडोतोंडी पसरला आहे, तो वाईट आहे. ए भोवती कंस घाला, संदेश जातो. जातो खरा, कारण कंस घातल्यावर मूळ व्हेरिएबल जात नाही, त्याची तात्पुरती नक्कल जाते. फंक्शनने केलेला बदल त्या नक्कलेवर होतो आणि नक्कल फेकली जाते. अडवणारा गप्प झाला, कामही झाले नाही, आणि आता सांगणारेही कोणी उरले नाही. सीमध्ये ‘कास्ट’ लिहून, म्हणजे हा पत्ता पूर्णांकाचाच आहे असे बजावून, कम्पायलरचे तोंड बंद करता येते. ही सवय त्याच माळेतली.

फोरट्रानची ६० वर्षांची उधारी

या दुखण्याचे मूळ जुने आहे. १९५७ साली आयबीएमने आणलेल्या फोरट्रान भाषेत फंक्शनला साधारणपणे पत्तेच दिले जात. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत १९६४ साली सीडीसी ३६०० हा मोठा संगणक आला, तेव्हा वैज्ञानिक गणितासाठी याच भाषेचे राज्य होते. तिचे तुकडे वेगवेगळे कम्पाइल होत आणि शेवटी जोडले जात. एका तुकड्याने ४ बाइटच्या संख्येचा पत्ता दिला आणि दुसऱ्याने ८ बाइट वाचले, तरी जोडणाऱ्याला त्याचा पत्ता नसे. जुन्या मंडळींत सांगितला जाणारा एक किस्सा तर विलक्षण आहे. फंक्शनला थेट ४ हा अंक दिला आणि फंक्शनने त्या जागी ५ लिहिले, तर काही कम्पायलरांत पुढच्या सगळ्या प्रोग्राममध्ये ४ म्हणजे ५ व्हायचे. स्थिरांकाचाही पत्ताच जात होता ना!

फोरट्रान-९० ने मॉड्यूल आणले आणि टाइप जुळवून पाहण्याची सोय झाली. जुना कोड मात्र तसाच चालत राहिला. अखेर २०२० साली जीफोरट्रानच्या दहाव्या आवृत्तीने एकाच फाइलमध्ये असा बेमेळ दिसला तर कोड नाकारायला सुरुवात केली. त्या वर्षी कित्येक नामांकित वैज्ञानिक पॅकेजे कम्पाइल होईनात. नवे काहीच बिघडले नव्हते, आधीपासूनचे दिसू लागले होते. पूर्वीसारखे इशाऱ्यावर भागवण्याचा एक पर्याय ठेवावा लागला, तेव्हा गाडी पुढे गेली. हवामान अंदाजासाठी जगभर वापरले जाणारे डब्ल्यूआरएफ मॉडेल आजही मुख्यतः फोरट्रानमध्ये आहे. हा इतिहास संग्रहालयातला नाही, तो असा.

मोगरी की नुसती आरोळी?

पिंप्राळ्यात आषाढी एकादशीला विठ्ठलाचा रथ निघतो. रथ वळवायचा किंवा थांबवायचा तर चाकाखाली मोगरी द्यावी लागते. नुसती आरोळी ठोकून रथ थांबत नाही. कम्पायलरची वॉर्निंग ही आरोळी आहे आणि एरर ही मोगरी.

मे २०२४ मध्ये आलेल्या जीसीसीच्या चौदाव्या आवृत्तीने सीमधल्या काही जुन्या आरोळ्यांच्या मोगऱ्या केल्या. न जुळणाऱ्या टाइपचा पॉइंटर फंक्शनला देणे आता थेट एरर आहे. घोषणा न करता फंक्शन बोलावणे हीही एरर. वरचा स्वॅप त्या आवृत्तीत चालणारच नाही. लिनक्सच्या फेडोरासारख्या प्रकल्पांना या बदलासाठी आधीपासून जुनी पॅकेजे तपासून दुरुस्त करावी लागली.

मात्र यातून स्कॅनएफ सुटला आहे. त्याला कितीही आणि कोणत्याही टाइपचे पत्ते देता येतात, त्यामुळे नेहमीची जुळवणी तिथे लागू पडत नाही. अवतरणातली खूण वाचून पत्त्याशी ताडून पाहण्याचे काम जीसीसी वेगळे करतो, आणि तेही मूळ रूपात ‘डॅश डब्ल्यू-ऑल’ हा पर्याय दिला तरच. क्लँग हा दुसरा कम्पायलर हे न सांगता करतो. म्हणजे नवा कम्पायलर घातला की प्रश्न मिटला, असे होत नाही. मोबाइलवर कोड चालवून पाहणाऱ्यांची अडचण आणखी वेगळी आहे. काही अ‍ॅप प्रोग्राम यशस्वी झाला की थेट आउटपुट दाखवतात. वॉर्निंग असलीच तर दुसऱ्या टॅबमध्ये, नाहीतर कुठेच नाही.

टाइप जुळला म्हणजे सगळे जुळले का?

नाही. या विषयावर १९९६ सालच्या एरियन-५ रॉकेटचे उदाहरण हमखास दिले जाते. त्याचा इथे अर्धाच संबंध आहे. तिथे ६४ बिटचा दशांश १६ बिटच्या पूर्णांकात कोंबला गेला. ३२,७६७ च्या वर तो मावला नाही आणि ४ जूनला उड्डाणानंतर मिनिटभरही न होता रॉकेट गेले. चूक टाइप बदलण्याची होती, पत्त्याची नव्हती. १९९९ साली नासाचे मार्स क्लायमेट ऑर्बिटर हरपले, त्यात तर टाइपही ठीक होते. एका बाजूचा आकडा पौंडांच्या मापात होता आणि दुसऱ्या बाजूने तो न्यूटनच्या मापात वाचला. दोन्हीकडे दशांश संख्याच, मग कम्पायलर हरकत कशावर घेणार?

आकडा सांगण्याआधी त्याचे माप सांगा, ही शिस्त खान्देशात नवी नाही. चाळीसगाव तालुक्यातल्या पाटण येथे भास्कराचार्यांचा नातू चांगदेव याचा शिलालेख आहे. तेराव्या शतकाच्या सुरुवातीच्या या लेखात आजोबांचे ग्रंथ शिकवण्यासाठी स्थापलेल्या मठाची नोंद आहे. त्या ग्रंथांतली ‘लीलावती’ बेरीज-वजाबाकीने सुरू होत नाही. आधी परिभाषा येते : २० वराटकांची एक काकिणी, ४ काकिणींचा एक पण, १६ पणांचा एक द्रम्म. मग वजनाची मापे, मग लांबीची, मग धान्याची. गणित त्यानंतर.

गुण कशाला द्यायचे?

तंत्रशिक्षण मंडळाच्या संगणक शाखेच्या पदविकेत सी पहिल्याच वर्षी येते. विद्यापीठांच्या बीसीए आणि बीएस्सीलाही ती सुरुवातीलाच भेटते. म्हणजे सवय कुठे लागते हे उघड आहे. आज ती सवय आउटपुट मिळवण्याची आहे. वहीत कोड, खाली आउटपुट, त्याखाली सही. मधली पायरी, म्हणजे कम्पायलर काय म्हणाला, ती वहीत येतच नाही.

ती यायला हवी. प्रत्येक प्रॅक्टिकल ‘डॅश डब्ल्यू-ऑल’ आणि ‘डॅश डब्ल्यू-एक्स्ट्रा’ हे पर्याय देऊन कम्पाइल करायचे आणि आलेले संदेश आउटपुटच्या वर चिकटवायचे. संदेश शून्य असतील तरच सही. दुसऱ्या सत्रापासून ‘डब्ल्यू-एरर’ लावायचा, म्हणजे प्रत्येक आरोळीची मोगरी होते. याला पैसे लागत नाहीत. जीसीसी आणि क्लँग दोन्ही फुकट आहेत आणि लॅबमधल्या जुन्या संगणकांवरही चालतात.

यावरचा आक्षेप खोटा नाही. मराठी माध्यमातून दहावी झालेल्या मुलाला पहिल्याच महिन्यात इंग्रजीतले वीस संदेश दिसले तर तो कोडऐवजी संदेशांनाच घाबरेल. शिक्षकाकडे एका बॅचला दोन तास असतात. पण पहिल्या वर्षी पुन्हा पुन्हा येणारे संदेश मूठभरच असतात. त्यांचा मराठी अर्थ आणि प्रत्येकाचे एक उदाहरण, असे एक पान लॅबच्या भिंतीवर लावणे कोणत्याही विभागाला एका दुपारीत जमेल. वॉर्निंग लपवून भीती जात नाही, ती फक्त नोकरीच्या पहिल्या वर्षापर्यंत पुढे ढकलली जाते.

‘आता सगळे पायथॉनच शिकतात’ हेही उत्तर पुरेसे नाही. तिथे बाइटांचा हा गोंधळ होत नाही, पण यादी फंक्शनला दिली की मूळ यादीच जाते. आकड्यांच्या यादीत एखाद्या फंक्शनने ‘१५००’ हे अक्षररूपात घुसवले, तर बेरीज करताना प्रोग्राम अडतो, आणि अडतो तो घुसवणाऱ्या ओळीवर नव्हे, भलत्याच ओळीवर. टाइपच्या खुणा लिहून ‘मायपाय’सारख्या साधनाने त्या तपासता येतात. सक्ती मात्र नाही. चॅटबॉटकडून कोड लिहून घेणाऱ्यांनाही हेच लागू आहे. तो कोडही बहुतेक वेळा आउटपुट पाहूनच स्वीकारला जातो.

पिंप्राळ्यातल्या त्या काल्पनिक विद्यार्थिनीला दुरुस्ती करायची आहे ती एवढीच : स्वॅप फंक्शनच्या दोन्ही पॅरामीटरांत आणि आतल्या तात्पुरत्या व्हेरिएबलमध्ये, अशा तीन ठिकाणी ‘इंट’ खोडून ‘फ्लोट’ लिहायचे. मग टर्बो असो की जीसीसी, उत्तर १५०० आणि १२००च येईल आणि संदेशांची जागा रिकामी राहील. तोंडी परीक्षेत मात्र तिला पॉइंटरची व्याख्या विचारू नये. १२०० आणि १५०० चे आधी १२०४ आणि १४९६ का झाले होते, ते विचारावे.